अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) जिल्हा न्यायाधीश व्हायचंय?
आपल्याकडे एमपीएससीमार्फत दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा होते, तसलं अमेरिकेत काही नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते, पद तहहयात. तेव्हा लॉ स्कूलनंतर एक-दोन वर्षं न्यायाधीशाकडे लॉ क्लर्क (संशोधन-लेखनात मदत करणारा तरुण वकील), मग सरकारी वकिली किंवा दावे लढवणारी फर्म. उमेदवारांना जोखणारी वकिलांची संघटना, अमेरिकन बार असोसिएशन, साधारण 12 वर्षांचा अनुभव बघते. नुसती कागदी वकिली तोकडी पडते. सिनेटची प्रश्नावली 10 महत्त्वाचे खटले, त्यांतले वकील, जुने लेख-भाषणं सगळं मागते. नोंदी आजपासूनच ठेवा. गाळलेलं भाषण नेमकं सुनावणीत वर येतं. राज्याच्या सिनेटरने निळी चिठ्ठी (ब्लू स्लिप, म्हणजे नावाला संमती कळवणारा कागद) परत पाठवली नाही, की हुशारी असूनही नाव सहसा तिथेच अडकतं. त्याच कोर्टातलं दुय्यम मॅजिस्ट्रेट न्यायाधीशपद त्यामानाने सरळ: जिल्हा न्यायाधीशच 8 वर्षांसाठी नेमतात.