दिवाळी ते शिमगा: कामांची ओळ कशी लावू?

प्रश्न: काकू, माझं माहेर पुण्याचं. लग्नाला तीन वर्षं झाली. सासर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. घरची नारळी-पोफळीची लहान वाडी आहे, चार आंब्याची कलमं आहेत. नवरा चिपळूणला नोकरीला, सकाळी सातला निघतो तो रात्री आठला येतो. सासूबाईंचे गुडघे गेलेत. मुलगा दीड वर्षाचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी वहीत यादी केली, रोज एक काम धरलं. तरी रात्री ताडपत्री टाकून अंगणातच ठेवलेली सुपारी अर्धी आतून काळी निघाली, खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण मार्गशीर्षात, उशिरा झालं आणि भेगाळलं, लाकडं मे महिन्यात तोडली ती पावसाळाभर धुमसत राहिली. यंदा कशी आखणी करू?
– एक वाचक, ता. गुहागर

उत्तर: बाळ, तुझी यादी मी दोनदा वाचली. एकही काम सुटलेलं नाही. फक्त तू ती वारांवर वाटलीस. सोमवारी खळं, मंगळवारी लाकडं, असं पुण्याच्या घरात चालतं. आपल्या किनाऱ्यावर स्वेटरची थंडी नसते. पाऊस गेल्यावर जमीन हळूहळू सुकत जाते, पहाटे दव पडतं, आणि माघात वाऱ्याला धार येते. ओल असताना करायची कामं आधी आणि सगळं सुकल्यावर करायची नंतर, एवढी एकच ओळ लक्षात ठेव. मी श्रीवर्धनला चाळीस वर्षं संसार केला तो या ओळीवर.

पहिलं खळं. तुळशीचं लग्न ही त्याची मुदत आहे आणि ती उगाच ठेवलेली नाही. कार्तिकात मातीच्या पोटात पावसाची ओल असते. तेव्हा गवत नि शेवाळ खरवडून, कुदळीने उकरून, खडे वेचून पाणी मारलं आणि चोपण्याने चोपलं की माती एकजीव बसते. वरून शेणाचे दोन हात सारव, पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. तू मार्गशीर्षात केलंस तेव्हा वरचा थर ओला आणि खालची जमीन कोरडी, मग भेगा पडणारच. चोपायला नवऱ्याचे दोन रविवार धर. हे काम एकटीने अंगावर घेऊ नकोस.

आता सुपारी. यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण वर्षाचे पैसे तिच्यातच असतात. पिकलेली असोली, म्हणजे सालासकट सुपारी कडक वाळायला चाळीस दिवस तरी ऊन लागतं. म्हणजे मार्गशीर्षाच्या सुरुवातीला पाडली तर संक्रांतीच्या सुमारास हाताशी येते. पाडणारा गडी दिवाळीतच सांगून ठेव, त्याला वीस घरं असतात. एकदम सगळी वाडी पाडून घेऊ नकोस. खळ्यावर एका थरात मावेल तेवढीच एका वेळी. थरावर थर आला की खालची सुपारी ओलीच राहते आणि तिथून बुरशी आत शिरते.

तुझी काळी का पडली, ते तुझ्या पत्रातच दिसलं. रात्री ताडपत्री टाकून तशीच अंगणात ठेवायचीस, असं तू लिहिलंयस. दिवसभर तापलेल्या सुपारीवर प्लास्टिक टाकलं की आत घाम धरतो, वरून दव, आणि सकाळी तू उघडेपर्यंत ती भिजलेली. चारच्या सुमाराला गोळा कर, पडवीत पसर, गोणपाट टाक. सकाळी दव उडाल्यावर, साधारण नऊला, परत खळ्यावर. पोर कडेवर घेऊन हे होत नाही, मला ठाऊक आहे. दोन जुनी लुगडी घे आणि सुपारी त्यांच्यावरच वाळव. चार टोकं धरली की गाठोडं होतं, ओढून पडवीत नेता येतं.

वाळली की नाही ते सासूबाईंना विचार. कानाशी हलवली की आतली सुपारी खुळखुळते, आणि त्या आवाजावरून किती दिवस बाकी आहेत ते जुन्या बायका सांगतात. रोज दुपारी त्यांच्यासमोर सूपभर नेऊन ठेव. त्या बसल्या जागी निवडतील, आणि घरातलं आपलं काम सुटलं नाही याचं त्यांना बरं वाटेल. माझ्या सासूबाई शेवटच्या वर्षापर्यंत हे करत होत्या. सोलणं मात्र मुलगा झोपल्यावरच, सोललेली सुपारी दीड वर्षाच्या पोराच्या हाताशी नको.

एक गोष्ट यादीत कुणी लिहीत नाही. याच दिवसांत कलमांना मोहोर येतो आणि तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. वारा फिरला की शेजारच्या बागेतला फवारा तुमच्या खळ्यावर. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी निरोप द्यायला सांग. त्या सकाळी सुपारी, आवळे, बाळाचे कपडे, काही बाहेर नको, आणि विहिरीवर झाकण घाल. स्वतःच्या चार कलमांचंही तसंच कर.

मांडवाची घाई करू नकोस. तुळशीच्या लग्नाला दाराशी छोटासा पुरे. सगळ्या खळ्यावर झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या, पडले की सुपारीला सावली येते. पुरा मांडव संक्रांतीनंतर घाल, ऊन खरं तेव्हाच चावायला लागतं. झापांसाठी झावळ्या मात्र आधी पाण्यात भिजत टाक, सुक्या झावळ्या विणताना तुटतात.

वाडीत नवी रोपं असतील तर त्यांना याच झापांची सावली कर, नैऋत्य बाजूने. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात माझ्या वाडीतल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पुन्हा लावलेली पहिल्या वर्षीची रोपं मी उघडी ठेवली. वर सावली धरायला मोठी झाडंच उरली नव्हती, आणि दुपारनंतरच्या उन्हाने त्यांचे बुंधे भाजले. नऊ रोपं गेली. पोफळ फळायला पाच-सहा वर्षं घेते, तेव्हा एकेक रोप सांभाळ. पाऊस थांबल्यावर पाणीही चुकवू नकोस. पंप दिवाळीआधीच चालवून बघ.

लाकडं पौषात तोडून घे. मेपर्यंत चार-पाच महिने मिळतात, मग ती पावसाळ्यात धूर करत नाहीत. नारळाची सोडणं (वरची साल) नि करवंट्या रोजच्या रोज उन्हात टाकत गेलीस की न्हाणीच्या चुलीला तेवढं पुरतं. त्याच सुमारास कलमांभोवतीचं वाळलं गवत बेणून घे. निदान चार हातांचा पट्टा बांधाच्या कडेने अगदी मातीपर्यंत साफ हवा. आमच्याकडे एका माघात कुणीतरी बांधावरचं गवत पेटवून दिलं आणि दुपारच्या वाऱ्याने वणवा गडगा ओलांडून आला. काजूची अकरा झाडं आणि पेंढ्याची उडवी गेली. तेव्हापासून मी इतर कुठलंही काम पुढे ढकलते, हे नाही.

गोधड्या, गाद्यांसाठी हिवाळ्यापर्यंत थांबू नकोस, ऑक्टोबरच्या उन्हातच कुबट वास जातो. मोरावळा करायचा तर संक्रांतीच्या आगेमागे, आणि जमला तरच. लहान मूल असताना एखाद्या वर्षी मोरावळा झाला नाही तरी चालतो.

आणि पौषातल्या एखाद्या मोकळ्या दुपारी, बारा-साडेबाराला, खिडक्या-दारं लावून घरात उभी राहा. जिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय तिथून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो. कवडसा जिथून येतो त्या वाशावर काठीला खडू बांधून खूण कर, वहीत खोल्यांप्रमाणे आकडा लिही. शिमग्याला दीर घरी येतील तेव्हा वही त्यांच्या हातात दे आणि कौलं परतायला माणूस तेव्हाच ठरवून घ्या. मे महिन्यात तो कुणालाच मिळत नाही.