ऑनलाइन प्रवेश परीक्षेत वाया गेलेल्या वेळेची दाद

जुळे सोलापुरातील एक वाचक लिहितात, की विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत सर्व्हरशी संपर्क तुटून त्यांच्या मुलीचा संगणक दोनदा बंद पडला. तिला दुसऱ्या संगणकावर बसवण्यात सुमारे २२ मिनिटे गेली. पर्यवेक्षकांनी वेळ वाढवून देण्याचे तोंडी आश्वासन दिले, ते पाळले गेले नाही. आता गुणवत्ता यादी लागणार आहे. फेरपरीक्षा मागता येईल का?

मागता येईल, पण केवळ त्या मागणीवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२१ च्या नीट परीक्षेत सोलापूरच्या केंद्रावर प्रश्नपुस्तिका व उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने दोन उमेदवारांची फेरपरीक्षा घेण्याचा आदेश दिला होता. त्यांच्याविषयी सहानुभूती असूनही सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला नाही. याउलट २०१८ च्या क्लॅट या विधी अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन प्रवेश परीक्षेत असेच बिघाड झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली, परंतु वाया गेलेल्या वेळेच्या प्रमाणात गुणांची भरपाई देण्यास सांगितले. आपली मागणी या दुसऱ्या वाटेने जावी. अर्थात, हे सूत्र प्रत्येक परीक्षेला आपोआप लागू होत नाही. २०२४ च्या नीटमध्ये १,५६३ उमेदवारांना वाया गेलेल्या वेळेपोटी दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले होते.

सारे काही लॉगवर, म्हणजे सर्व्हरवरील नोंदींवर, अवलंबून आहे. उमेदवाराने कधी लॉगइन केले, संपर्क कधी तुटला, कोणत्या प्रश्नाचे उत्तर किती वाजता नोंदवले गेले, हे सर्व्हरवर उमटते. पर्यवेक्षकांचे तोंडी आश्वासन मात्र कोठेच उमटत नाही. म्हणून आजच कुलसचिव व परीक्षा विभागाकडे आसन क्रमांक, सत्र आणि दोन्ही संगणकांचा उल्लेख असलेले निवेदन द्यावे, लॉग व सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याची मागणी त्यात असावी, आणि प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्जही करावा. त्याच्या उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि तेवढ्यात प्रवेश फेऱ्या उरकू शकतात, त्यामुळे त्याची वाट पाहत थांबू नये.

निवेदनाची दखल न घेतल्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका दाखल करावी. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या कक्षेत आला असल्याने मुंबई गाठण्याची गरज नाही. मूळ लॉग हजर करावा आणि याचिकेचा निकाल लागेपर्यंत एक जागा रिक्त ठेवावी, असे अंतरिम आदेश मागावेत. यादी अंतिम झाल्यावर इतरांचे प्रवेश मोडण्यास न्यायालय सहसा तयार होत नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्यात मात्र वेळ घालवू नये, कारण परीक्षा घेणे ही ग्राहक कायद्यातील सेवा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटले आहे.

दरम्यान मुलीने प्रवेश फेरीत भाग घ्यावा, मात्र आपली तक्रार प्रलंबित असून त्या तक्रारीच्या निर्णयाच्या अधीन राहून आपण सहभागी होत आहोत, असे विद्यापीठाला लेखी कळवावे.