फाशीआधी इतक्या पायऱ्या असताना निरपराध माणूस अडकू शकतो का?

सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन आणि शेवटी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, एवढ्या चाळण्या लागल्यावर निरपराध माणूस फासावर जाण्याची भीती खरोखर उरते का, असे आपण विचारले आहे. आणि फाशीला विरोध करणाऱ्यांना पीडितांचे दुःख दिसत नाही का, असा दुसरा प्रश्नही त्याला जोडला आहे. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. भीती खरी आहे, असे माझे उत्तर आहे, आणि ते पटवण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नाशिक आणि पुण्याचे दोन निकाल पुरेसे आहेत.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, बलात्कार झाला, आणि घरातील आई व मुलगा गंभीर जखमी होऊन वाचले. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी कायम करून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली, म्हणजे उच्च न्यायालयात थोडी कमी झालेली चूक सर्वोच्च न्यायालयात पुन्हा वाढली. पुढे पुनर्विलोकनाच्या टप्प्यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला, अपिले नव्याने ऐकली, आणि ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. तोवर सोळा वर्षे गेली होती. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेदेखील मधल्या काळात उघड झाले होते.

त्या निकालातील एक तपशील मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना नेहमी वाचायला सांगतो. घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच, म्हणजे ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या त्या आईला पोलिसांनी आपल्या अभिलेखातील गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखवला आणि तिने विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर त्यांतील चार माणसे ओळखली. ही चार माणसे पुढे आरोपी झालेल्या सहा जणांपैकी नव्हती. त्या चौघांचा तपास झालाच नाही, आणि ही ओळख सरकार पक्षाने दाबून ठेवली. नंतर त्याच साक्षीदारांनी न्यायालयात दुसऱ्याच सहा जणांकडे बोट दाखवले आणि त्या बोटावर सहा फाशी उभ्या राहिल्या. हे आरोपी समाजाच्या तळातील, अत्यंत गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गुंतवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने निकालात नोंदवले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि कसूर करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांची चौकशी करण्याचा आदेश राज्याला दिला. ज्या जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला आणि ज्यांची त्यातून सुटका १९५२ साली झाली, त्यांच्या वस्तीवर मोठ्या दरोड्यानंतर पोलिसांची गाडी सर्वांत आधी का जाते, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपण म्हणाल, शेवटी सुटले ना, म्हणजे चाळणी चालली. हा युक्तिवाद मी न्यायालयाच्या आवारातही पुष्कळदा ऐकतो, म्हणून त्याकडे जरा सविस्तर पाहू या. अपिलाची प्रत्येक पायरी गुन्ह्याकडे नव्या डोळ्यांनी पाहते, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. प्रत्यक्षात उच्च न्यायालयापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे तोच कागद असतो, जो तपासाच्या पहिल्या काही आठवड्यांत पोलीस ठाण्यात तयार झाला. फाशी कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने संपूर्ण पुरावा स्वतः पारखावा, गरज वाटल्यास जादा पुरावा घ्यावा, असे कायदा सांगतो खरा. परंतु जादा पुरावा घेतल्याची उदाहरणे फारच थोडी सापडतात आणि साक्षीदाराचा चेहरा वरच्या न्यायाधीशांना कधी दिसत नाही. जे कागदावर आलेच नाही, उलटतपासात जो प्रश्न विचारायचा राहून गेला, तो दिल्लीतला कितीही मोठा वकील नंतर विचारू शकत नाही.

तो कागद कसा तयार होतो, ते मी जवळून पाहिले आहे. आरोपीने कोठडीत असताना सांगितल्यावरून चाकू किंवा रक्ताचे कपडे जप्त झाले, तर सांगण्याचा तेवढाच भाग पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो, आणि म्हणून जप्तीचा पंचनामा हा अनेक खुनांच्या खटल्यांचा कणा असतो. माझ्या एका खटल्यातील पंच ठाण्यासमोर चहाची टपरी चालवणारा गृहस्थ होता. पंचनामा कुठे लिहिला, असे विचारल्यावर त्याने सरळपणे सांगितले की, साहेबांनी बोलावले, टेबलावर कागद लिहून तयार होता, मी सही केली. शेताच्या बांधावर आपण कधी गेलोच नव्हतो. तो प्रामाणिक निघाला म्हणून हे कळले. जो पंच पढवल्याप्रमाणे बोलतो, त्याचा पंचनामा सत्र न्यायालयात सिद्ध होतो आणि एकदा सिद्ध झालेला पंचनामा पुढच्या प्रत्येक पायरीवर सिद्ध म्हणूनच वाचला जातो.

याच टप्प्यावर गरीब आरोपीजवळ बहुधा कोणी नसते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांचा जो देशव्यापी अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला, त्यानुसार सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील होते. त्याच अभ्यासात असेही दिसले की, २००० ते २०१५ या काळात कनिष्ठ न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी पाच टक्क्यांच्या आसपास अखेरपर्यंत टिकल्या आणि जवळपास ३० टक्के कैदी पूर्ण निर्दोष सुटले. फाशी सुनावलेल्या दर दहांपैकी तिघे जर निर्दोष ठरत असतील, तर वरच्या पायऱ्यांचे कौतुक करण्याआधी पहिल्या पायरीवर काय चालले आहे, याची चिंता करायला हवी. इतक्या चुका पोटात घेऊन निघालेल्या प्रवाहातून वर एकही चूक निसटत नाही, असे मानायला मला कोणताच आधार दिसत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. १९९४ साली पुण्यात एका घरातील सात जणांची हत्या झाली. राजस्थानातून आलेल्या एका मुलाला त्यात फाशी झाली. १९९८ साली सत्र न्यायालयाने दिलेली ती शिक्षा उच्च न्यायालयाने व २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. खटल्याच्या कागदांत तो प्रौढ होता. मात्र गावाकडच्या शाळेच्या नोंदीप्रमाणे तो घटनेच्या दिवशी साडेबारा वर्षांचा होता. पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांनी केलेल्या चौकशीनंतर मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही नोंद मान्य केली आणि अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर तो नागपूरहून सुटला. कायद्याने त्याला तीन वर्षांपेक्षा अधिक डांबता आले नसते, फाशी तर दूरच. येथे प्रश्न दोषी की निर्दोष हा नव्हताच. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारखेइतकी साधी गोष्ट तीन न्यायालयांच्या नजरेतून सुटली होती.

या दोन्ही प्रकरणांत माणसे वाचली ती विलंबामुळे. ज्या दिरंगाईला आपण सगळे नावे ठेवतो, तिनेच या माणसांना जिवंत ठेवले. उत्तर प्रदेशातील निठारी येथील लहान मुलांच्या हत्यांच्या प्रकरणात तर सप्टेंबर २०१४ मध्ये घरकामगार असलेल्या आरोपीच्या फाशीची तयारी झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्र उलटल्यावर तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१५ मध्ये दयेच्या अर्जावरील विलंबाच्या कारणाने त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. नोव्हेंबर २०२५ मध्ये, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने त्याच्या शेवटच्या खटल्यातही त्याला निर्दोष सोडले, कारण ज्या कबुलीजबाबावर आणि जप्तीवर ती शिक्षा उभी होती, तोच पुरावा बाकीच्या खटल्यांत अविश्वसनीय ठरला होता. २०१४ ची ती रात्र वेगळी गेली असती, तर नंतरचा एकही निकाल त्याच्या उपयोगाचा नव्हता.

स्वतंत्र भारतात निरपराध माणूस फासावर गेल्याचे एकही सिद्ध उदाहरण नाही, असेही सांगितले जाते. ते सिद्ध करायचे कोणी आणि कुठे? फाशी झाल्यावर फाईल बंद होते. मृत माणसाचा खटला पुन्हा तपासणारी कोणतीही नियमित यंत्रणा आपल्याकडे नाही, आणि घरच्यांकडे बहुधा पैसा व बळ दोन्ही उरलेले नसते. लंडनमध्ये टिमोथी इव्हान्स या तरुणाला आपल्या लहान मुलीच्या खुनासाठी ९ मार्च १९५० रोजी फाशी दिली गेली. खून खाली राहणाऱ्या शेजाऱ्याने केला, असे तो सांगत राहिला. तोच शेजारी, जॉन ख्रिस्टी, सरकार पक्षाचा प्रमुख साक्षीदार होता. १९५३ साली ख्रिस्टीने ते घर सोडल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीमागे प्रेते सापडली, म्हणून सत्य बाहेर आले. १९६६ साली इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. भिंत कोणी उकरलीच नसती, तर ब्रिटनमध्येही एकही सिद्ध उदाहरण नाही, असेच लोक म्हणत राहिले असते.

आपल्याकडे शिक्षा ठरवण्यातील चूक मात्र सर्वोच्च न्यायालयाने स्वतः मान्य केली आहे. बच्चनसिंग खटल्यात १९८० साली घटनापीठाने 'दुर्मिळातील दुर्मिळ' ही कसोटी घातली, तेव्हा गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती पाहायची, हे ठरले होते. १९९६ च्या एका निकालात हे डावलून केवळ गुन्ह्याचे क्रौर्य पाहिले गेले आणि पुढच्या अनेक निकालांनी त्याचाच आधार घेतला. नाशिक प्रकरणातील २००९ चा निकालही त्यांतलाच. त्यानंतर दोनच आठवड्यांत, १३ मे २००९ रोजी, दुसऱ्या पीठाने तो १९९६ चा निकाल घटनापीठाच्या कसोटीकडे दुर्लक्ष करून दिलेला होता, असे स्पष्ट केले. पण तोपर्यंत राजस्थानातील दोघे अशाच निकालांवरून १९९६ आणि १९९७ मध्ये फासावर गेले होते. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा प्रकारे शिक्षा झालेल्या आणखी तेरा कैद्यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली, तेव्हा या दोघांसाठी मागण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आता पीडितांविषयी. हा प्रश्न मी बाजूला सारत नाही, कारण कोपर्डीतील मुलीवरील बलात्कार आणि खुनासारख्या घटनेनंतर रस्त्यावर उतरलेल्या माणसांचा संताप खरा होता आणि त्या मुलीच्या आईवडिलांच्या जागी मी असतो, तर मीही फाशीच मागितली असती. परंतु नाशिकच्या त्या आईला काय मिळाले, हे पाहा. तिने पहिल्याच आठवड्यात चार चेहरे दाखवले होते. सहा जणांना फाशी झाल्यावर तपास संपल्याचे सर्वांनी गृहीत धरले आणि त्या चौघांचा माग कोणीच काढला नाही. चुकीच्या माणसाला दिलेली फाशी खऱ्या गुन्हेगाराला अभय देते, आणि ते अभय पीडिताच्या नावाने दिले जाते. शिक्षेची जरब कमी व्हावी, असेही मी म्हणत नाही. कोणतीही सूट न देता वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा नैसर्गिक मृत्यूपर्यंत कारावास ठोठावण्याचा उच्च व सर्वोच्च न्यायालयांचा अधिकार २०१५ साली घटनापीठाने मान्य केला आहे. अशी शिक्षा भोगणारा माणूस समाजापासून दूर राहतो आणि उद्या नवा पुरावा निघाला, तर तुरुंगाचे दार उघडता येते.

न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे यांचा अपवाद ठेवला. या एका मुद्द्यावर माझे आयोगाशी जुळत नाही, कारण तपासावर सर्वाधिक दडपण याच गुन्ह्यांत असते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक प्रवासी गेले. अहवालानंतर महिन्याभरातच, ३० सप्टेंबर २०१५ रोजी, विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब, ओळखपरेड, साक्षीदारांचे उशिरा आलेले जबाब यांपैकी काहीच विश्वासार्ह ठरले नाही आणि बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, हेदेखील सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायची गरज नाही, परंतु हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असा अंतरिम आदेश न्यायालयाने दिला. अंतिम निकाल काय लागेल, याचे भाकीत मी करणार नाही. फाशी झालेल्या त्या पाचांपैकी एक जण मात्र २०२१ साली, अपील प्रलंबित असताना, नागपूर कारागृहात असतानाच कोविडने मरण पावला, आणि त्याच्या निर्दोषत्वाचा निकाल त्यानंतर चार वर्षांनी आला.