नुसतं बोनलेस खाऊन पिल्लू लंगडायला लागलं

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. पार्किंगमधली मांजराची दोन पिल्लं घरी आणली तेव्हा महिनाभराची असतील, आता तीन महिन्यांची झालीत, एक बोका एक भाटी. व्हिडिओ बघून कच्चं चिकन सुरू केलं, एकदम फ्रेश, बोनलेस, घशात अडकायला नको म्हणून हाडाचा कणसुद्धा ठेवत नाही, रोज थोडी कलेजी देतो, कॉड लिव्हर ऑइलची कॅप्सूल फोडून घालतो आणि मेडिकलमधून माणसांचं कॅल्शियम सिरप आणलंय ते आठवण झाली की अर्धा चमचा. छान वाढत होती, पण आठ दिवस झाले बोका मागच्या पायाने लंगडतोय, सोफ्यावर उडी मारत नाही, उचललं की ओरडतो. कॅल्शियम वाढवू का? आणि टॉरिन किती घालायचं? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, सिरप आधी बंद करा आणि बोक्याला आजच्या आज दवाखान्यात न्या, एक्स-रे काढायला लावा. नेताना खोक्यात झोपवून न्या, कडेवर नको. नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लांची हाडं इतकी पातळ होतात की सोफ्यावरून खाली उतरतानाही पाय मोडू शकतो. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं तर "मग काही नाही" म्हणून घरी येऊ नका, कारण रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं, म्हणजे रिपोर्ट चांगला दिसतो आणि आत हाड पोकळ होत असतं. शी करताना कुंथत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कधी कधी कमरेचं हाड दबून वाट अरुंद झालेली असते.

हे का होतं, तर हिशोब बघा. शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस दीडशे-दोनशे मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम 5 ते 10. वाढत्या पिल्लाला दोन्ही जवळपास सारखं लागतं, कॅल्शियम थोडं जास्तच. तुम्ही फॉस्फरस कॅल्शियमच्या वीसपट देताय, त्यात वाईट चिकनचा दोष नाही, चिकन उत्तमच आहे. मांजर उंदीर खाते ना तेव्हा हाडं, कातडी, आतडी, काळीज सगळं पोटात जातं, आपण त्यातला फक्त मऊ लाल भाग निवडून ठेवला आणि त्याला नैसर्गिक म्हणायला लागलो. हाड काढलंत तर हाडाच्या जागी काहीतरी घालायलाच लागतं, आणि ते आठवण झाली की नाही, मोजून.

अंड्याच्या कवचाची पावडर सगळे सांगतात. एका कवचात जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे एक किलो बोनलेसला एक कवच, धुऊन, भाजून, मिक्सरला पिठासारखं बारीक. मोठ्या मांजराचा कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ त्याने बसतो. पण पिल्लाला फॉस्फरसही जास्त लागतो, तो मांसातला पुरत नाही आणि कवचात तर जवळजवळ नसतोच, हाडात मात्र दोन्ही असतं. म्हणून पिल्लासाठी शुद्ध हाडांची पावडर नाहीतर तयार प्रीमिक्स (मांसात मिसळायची व्हिटॅमिन-खनिजांची पावडर), तेही वाढीच्या वयासाठीचं. अंदाजे चिमूट नको, ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घ्या, आणि खत म्हणून मिळतं ते बोनमील चुकूनही नको.

सिरप नको का म्हणतेय, तर अशा बऱ्याच सिरपमध्ये व्हिटॅमिन डी असतं, कॉड लिव्हर ऑइलमध्ये पुन्हा तेच, आणि डी जास्त झालं की किडन्या जातात. मांजराच्या अंगात उन्हाने डी तयार होत नाही हे खरं, त्यामुळे ते खाण्यातून लागतंच, पण तीन ठिकाणांहून ओतायचं नाही. कलेजीचंही तसंच. गाजरातलं मांजराला वापरता येत नाही म्हणून व्हिटॅमिन ए कलेजीतून हवंच, पण किलोला 40-50 ग्रॅम बास. महिनोन्‌महिने रोज पोटभर कलेजी खाणाऱ्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांना चिकटतात, मग मान वळत नाही, अंग चाटता येत नाही. पिल्लांना कलेजी भयंकर आवडते हाच तर त्रास आहे.

आता टॉरिन, म्हणजे मांसात असणारं एक अमिनो आम्ल, मांजराला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. पोटभर खाऊनसुद्धा मांजरांची हृदयं मोठी आणि ढिली का होतात ते 1987 मध्ये कळलं, टॉरिन कमी पडत होतं, आणि दिलं की कित्येक मांजरं सुधारली. डोळ्याचा पडदाही त्याच्याअभावी जातो, तो मात्र परत येत नाही. चिकनच्या छातीच्या पांढऱ्या मांसात ते कमी, मांडीत जास्त, हृदयात भरपूर, म्हणून चिकनवाल्याकडून ब्रेस्टऐवजी मांडी घ्या आणि कलेजीपेट्याबरोबर कोंबडीची हृदयं पण मागा. खिमा करून फ्रीजरला टाकला की सुटणाऱ्या पाण्याबरोबरही ते जातं, ते लाल पाणी सिंकमध्ये ओतू नका, खाण्यात घाला. वर किलोला 2 ग्रॅम साधी टॉरिन पावडर घातली की निश्चिंत, जास्तीचं लघवीतून निघून जातं. प्रीमिक्समध्ये आधीच असेल तर लेबल बघा.

आणि तुमच्या बोक्याला सध्या कच्चं नकोच. चांगलं किटन फूड, छोट्या पिंजऱ्यात काही आठवडे आराम, उड्या बंद, एवढ्यावर बरीच पिल्लं सावरतात, कॅल्शियमचं इंजेक्शन मारायची घाई नको. भाटी धडधाकट दिसतेय तरी तिचाही एक्स-रे काढा, दोघं एकाच ताटात जेवलीयत.

प्रश्न : आमच्याकडे कोळीणमावशी रोज पिल्लांसाठी मांदेली नाहीतर बांगड्याचे तुकडे देते, कच्चेच घालते मी, आवडीने खातात. समुद्राकाठची मांजरं काय चिकन खातात का, मग चालेल ना? — रत्नागिरी

उत्तर : ताई, बंदरावरची मांजर मासे खाते, पण मध्ये उंदीर, पाली, झुरळं पण खाते, ती आपल्याला दिसत नाहीत. शिवाय त्यातली किती पिल्लं मोठी होतात तेही बघा. बऱ्याच कच्च्या माशांत व्हिटॅमिन बी वन मोडणारं एन्झाइम असतं, रोज तेच खाल्लं की पिल्लू आधी खाणं सोडतं, मग मान छातीकडे वाकते, चालताना झोकांड्या, शेवटी फिट्स. तेलकट माशाचा दुसरा त्रास म्हणजे व्हिटॅमिन ई संपतं, अंगातली चरबी सुजून पिवळी पडते आणि पिल्लू हात लावू देत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा, वाफवून, काटे काढून द्या, वाफेने ते एन्झाइम मरतं. कालवणातला मासा धुऊन देऊ नका, कांदा-लसूण रश्श्यात उतरलेला असतो आणि तो मांजराचं रक्त बिघडवतो.

प्रश्न : मी कच्चं चिकन आठवडाभर डीप फ्रीज करूनच देते, म्हणजे जंतू मरतात ना? बर्ड फ्लूची भीती खरी की उगाच? — नागपूर

उत्तर : नागपूरकरांना हे मी काय सांगू! गोरेवाड्याच्या प्राण्यांच्या रेस्क्यू सेंटरमध्ये 2024 च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले ते बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूनेच, आणि संशय खाण्यातल्या चिकनवरच होता. त्यानंतर लगेच जवळच्या छिंदवाड्यात घरच्या मांजरांत तोच विषाणू सापडला, अमेरिकेत फ्रोझन कच्चं कॅटफूड खाऊन मांजर दगावली. थंडीने काही परजीवी मरतात, साल्मोनेलाचे जंतू नुसते झोपतात आणि फ्लूचा विषाणू तर बर्फात मजेत टिकतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पिल्लं सहा महिन्यांची होईपर्यंत कच्चं नकोच, आणि घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर कधीच नको. तेच मांस वाफवा, आतपर्यंत गुलाबी राहता कामा नये, पातेल्यातलं पाणी त्यातच मिसळा, निवल्यावर प्रीमिक्स घाला, कारण उष्णतेने बी वन उडतं. हाड मात्र शिजवलेलं कधी नाही, त्याच्या सुया होतात.

प्रश्न : ऑनलाइन फ्रोझन रॉ पाकीट मिळतं, 'हंड्रेड परसेंट नॅचरल' लिहिलंय, चार महिन्यांच्या पिल्लाला पुरेल का? — पुणे

उत्तर : नॅचरल तर वरच्या ठाणेकर दादांचं बोनलेस पण होतं. पाकिटामागे वाढत्या पिल्लांसाठी किंवा सगळ्या वयांसाठी संपूर्ण आहार असं स्पष्ट हवं, 'पूरक आहार' किंवा 'ट्रीट' लिहिलं असेल तर तो खाऊ समजा. आणि दर रविवारी किचनच्या काट्यावर पिल्लू ठेवा, या वयात आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढायला हवं, दोन रविवार तोच आकडा दिसला तर मला पत्र लिहीत बसू नका, दवाखान्यात जा.