संमतीपत्रावर सही करू का?

प्रश्न: ताई, आम्ही गिरगावात दोन मजली चाळीत राहतो. आजोबांपासूनची पागडीची खोली, १८० फूट, आता आईच्या नावावर. जिन्याला टेकू लागलेत. वाडीतल्या सात चाळी पाडून एकच मोठा टॉवर होणार म्हणून बिल्डरची माणसं संमतीपत्र घेऊन रोज दारात येतात, लवकर सही केली तर वरचा मजला देऊ म्हणतात. भाऊ म्हणतो २००४ ला मधे पार्टिशन घातलंय तर दोन ब्लॉक (फ्लॅट) मागू. आई ७८ वर्षांची, ती म्हणते मी इथून हलणार नाही. काय करू?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: दादा, आईंचं वाक्य वाचून गलबलून आलं, माझं पण लहानपण अशाच गॅलरीत गेलंय. पण जिन्याला टेकू आहेत म्हटल्यावर 'नकोच' असं मी नाही सांगणार. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी बिल्डिंग पडली, ३३ माणसं गेली, आणि ती बिल्डिंग पुनर्विकासाच्या योजनेतच होती हो! साडेसोळा एकर, २५० च्या आसपास इमारती, बोहरा समाजाच्या ट्रस्टने हातात घेतलेलं काम, २००९ पासून चालू, तरी आठ वर्षांनी तिथे माणसं राहतच होती. त्यामुळे सात चाळींचं काम तीन वर्षांत होईल असं कुणी सांगत असेल तर त्यावर भरवसा ठेवून खोली सोडू नका.

आता सहीचं. संमतीपत्र म्हणजे करार नव्हे, हे आधी भावाला पण समजावा. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा सेस (उपकर) भरणारी जुनी इमारत, असेल (मालकाकडच्या पावतीवर सेस दिसतो का बघा) तर ५१ टक्के लोकांच्या संमतीवर काम पुढे जातं आणि मग उरलेल्यांना म्हाडा (सरकारी गृहनिर्माण मंडळ) आपल्या कायद्याच्या कलम ९५-अ नुसार खोली रिकामी करायला लावू शकते, म्हणजे एकट्या आईंनी सही अडवून काही होणार नाही. जोर असतो तो ५१ टक्के होण्याआधी, सगळे मिळून बसलात तरच. म्हणून वरच्या मजल्याच्या आमिषाला एकेकट्याने बळी पडू नका, सातही चाळींची एक मीटिंग घ्या, पैसे काढून स्वतःचा वकील आणि स्वतःचा आर्किटेक्ट नेमा, बिल्डरने दिलेला नको.

खोली खाली करण्याआधी रजिस्टर केलेला करार हातात हवा म्हणजे हवाच. त्यात कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती फूट, कुठला मजला, प्लॅन जोडलेला, नवीन घर मिळेपर्यंत बिल्डर देणार ते भाडं किती आणि उशीर झाला तर वाढून किती, मेंटेनन्ससाठी कॉर्पस (बिल्डरने एकरकमी ठेवायचा निधी) किती, बँक गॅरंटी आहे की नाही, सगळं लिहिलेलं पाहिजे. कॉर्पसचं मी मुद्दाम लिहिते कारण टॉवरमधे लिफ्ट, पंप, वॉचमन सगळ्याचा खर्च दर महिन्याला येतो आणि आईंसारख्यांना तो पेन्शनमधून भरावा लागतो, हे चावी मिळेपर्यंत कुणी बोलतच नाही. आणि रेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा) आहे ना, असं म्हणून निर्धास्त राहू नका, तो मुख्यतः विक्रीचे फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे, तुमचा खरा आधार हा करारच. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबं २००८ च्या करारानंतर घरं सोडून गेली आणि दहा-बारा वर्षं उलटली तरी नवीन घर नव्हतं, भाडं पण मधेच बंद झालं. त्यातले काही म्हातारे वाट बघतच गेले.

दोन ब्लॉकचं मात्र विसरा. १३ जून १९९६ नंतर खोलीचे भाग करून तयार केलेला वेगळा भाडेकरू धरत नाहीत, तुमचं पार्टिशन २००४ चं. त्यापेक्षा म्हाडाच्या पात्र भाडेकरूंच्या यादीत आईंचं नाव, स्पेलिंगसकट, बरोबर आहे ना ते आधी तपासा, जुन्या भाडेपावत्या एका फाईलमधे लावा.

आणि आईंना नुसतं समजावू नका, त्यांना घेऊन भाड्याची जागा बघायला जा. गिरगावातच, तळमजला नाहीतर लिफ्ट असलेली, त्यांचं देऊळ आणि त्यांचे डॉक्टर चालत जाण्याजोगे. त्या जागेचं भाडं खरंच किती पडतं तो आकडा घेऊनच मीटिंगला बसा, बिल्डरने सांगितलेल्या आकड्यावर नको.