लैंगिक वर्तनावर ताबा न राहणं हा आजार आहे का? अशी माणसंच लैंगिक अत्याचार करतात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (२०२२ पासून लागू) हा विकार आहे, पण व्यसनांत नव्हे, आवेग-नियंत्रणाच्या विकारांत. नुसती कामेच्छा जास्त असणं म्हणजे हा विकार नव्हे. साधारण सहा महिने किंवा अधिक काळ आवेग आवरत नाही, काम, नाती, तब्येत बिघडते, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसतात, समाधान मिळेनासं झालं तरी वर्तन चालूच राहतं, तेव्हा निदान होतं. इथे एक चूक फार होते: हस्तमैथुन किंवा पॉर्नबद्दल केवळ अपराधी वाटतं म्हणून लोक स्वतःला रुग्ण ठरवतात. फक्त नैतिक अपराधभावातून येणारा त्रास निदानाला पुरेसा नाही, असं त्या निकषांतच म्हटलं आहे.

अत्याचाराचा गाभा वेगळा असतो. 'माझा हक्कच आहे' ही धारणा, सत्ता गाजवणं, स्त्रियांबद्दलचा राग, नकाराला होकार समजण्याची सवय. कित्येक अत्याचारी ओळखीची व्यक्ती, एकांत, वेळ हे सगळं हेरून वागतात; याला 'ताबा सुटला' म्हणता येत नाही. विकार असलेले बहुतेक जण कुणावर बळजबरी करत नाहीत, आणि विकार असला तरी संमतीची जबाबदारी सुटत नाही.

उपचारांत सहसा सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी मानसोपचार पद्धत) असते: एकटेपणा, ताण, रात्रीचा मोबाइल असे आवेग चेतवणारे ट्रिगर नोंदवून त्या क्षणी काय करायचं हे आधीच ठरवणं. सोबतचं नैराश्य, दारूचं व्यसन किंवा बायपोलर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) तपासायलाच हवं; त्यातल्या मॅनियात, म्हणजे अतिउत्साहाच्या टप्प्यात, कामेच्छा अचानक वाढू शकते आणि तिथे उपचार पूर्ण वेगळे असतात.