वडिलांना शुगर आहे. लो-कार्ब, हाय-फॅट आहार सुरू करायला सांगू का? संशोधन काय म्हणतं?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे आहेत, अंगाने बारीक आहेत, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी चालू आहे, आणि सोमवारपासून पोळी-भात बंद करून अंडी, पनीर, तूप सुरू करायचा विचार आहे. ते 'सोमवारपासून' वाचलं आणि पोटात गोळाच आला. आमच्याकडेही सोमवारच होता.

मी बार्शीत एका लॅबमध्ये एकोणीस वर्षं रक्त काढतेय. डॉक्टर नाही. पण माणूस काय खाल्लं म्हणून सांगतो आणि त्याचं रक्त काय सांगतं, यातलं अंतर रोज बघते.

माझ्या मोठ्या दिरांची ट्यूब मशीनमधून फिरवून काढली, तर वर पिवळं पाणी दिसायच्या ऐवजी पातळ ताक. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ६१२. चारशेच्या वर गेलं की सूत्राने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) काढता येत नाही, म्हणून त्या रकान्यात रेघ मारली. तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी) ९.१. भावोजींनी रिपोर्ट घेतला, दोन रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि सोमवारी जाहीर केलं, आजपासून ज्वारी विष.

बार्शीच्या घरात भाकरी बंद म्हणजे काय ते जाऊबाईंना विचारा. घरच्या पाच जणांचा स्वयंपाक वेगळा, यांचं पनीर वेगळं, सकाळी कॉफीत लोणी घुसळायचं. (उपासाला साबुदाण्याची खिचडी मात्र चालायची. ते धान्य नाही म्हणे. निव्वळ स्टार्च आहे हो ते!) गोळ्या तशाच चालू. डॉक्टरांना सांगायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. ते मला अजून लागतं.

गुरुवारी पहाटे साडेपाचला जाऊबाईंचा फोन. दोन गल्ल्या सोडून घर, गाऊनवर ओढणी घेऊन पळाले. भावोजी घामाने निथळत होते, हात थरथरत होते, जीभ जड झालेली, मला जाऊबाईंच्या नावाने हाक मारत होते. सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायच्या तयारीत. बोट टोचलं. शुगर ४८, फारच कमी.

साखरेचं पाणी केलं तर भावोजींनी तोंड घट्ट मिटलं. 'साखर नको, कीटोसिस मोडेल.' (कीटोसिस म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं ती अवस्था.) शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला एवढं बरोबर आठवतं! घोट गिळत होते म्हणून मी दटावून पाजलं (गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना). पंधरा मिनिटांनी ९१. मग दुधात भाकरी कुस्करून खायला घातली. तीच विषारी भाकरी.

झालं होतं ते साधं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. ताटात भाकरी आहे की ऑम्लेट, ते त्या गोळीला कळत नाही. खाण्यातली साखर अचानक काढून घेतली आणि गोळी तेवढीच ठेवली की हे होणारच. म्हणून सोमवार नको. आधी डॉक्टर, गोळीचा डोस, घरात ग्लुकोमीटर, मग ताट.

आता तुमचं संशोधन. कर्बोदकं कमी केली की शुगर उतरते, यात वाद नाही. अमेरिकेत व्हर्टा कंपनीच्या कार्यक्रमात २६२ मधुमेही कीटो आहारावर (कर्बोदकं अगदी थोडी, चरबी जास्त) होते. वर्षात त्यांची तीन महिन्यांची शुगर सरासरी ७.६ वरून ६.३ वर आली. पण ती माणसं स्वतःहून आलेली, चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. शिवाय कंपनीचेच डॉक्टर त्यांची औषधं सतत कमी करत होते, आणि व्हिडिओत नेमकं तेवढंच गाळतात. २०२१ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २३ चाचण्या एकत्र करून बघितल्या, तर सहा महिन्यांना फायदा चांगला दिसतो, वर्षापर्यंत बराचसा विरतो. माणसं पोळीकडे परततात, दुसरं काय.

आणि ब्रिटनच्या 'डायरेक्ट' चाचणीत? दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरीचे शेक, तीन ते पाच महिने. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात. त्या शेकमधल्या निम्म्याहून जास्त कॅलरी कर्बोदकांच्या होत्या! तिथे काम केलं वजनाने. तेव्हा भाकरी हीच एकटी गुन्हेगार, हे मला पटत नाही.

वडील बारीक आहेत म्हणून वजनाचा प्रश्नच नाही असं समजू नका. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली चरबी अशी लपून बसते. कंबर मोजा.

भावोजींचं श्रेय मात्र द्यायला हवं. डोस बदलून घेतला, सहा महिने नेटाने खाल्लं, तीन महिन्यांची शुगर ६.७ आणि ट्रायग्लिसराइड १६८. सिरम आरपार स्वच्छ. तूप खाऊनही ही चरबी उतरते, कारण यकृत जादा कर्बोदकांचीच चरबी करून रक्तात सोडत असतं. पण रेघेच्या जागी आता आकडा आला होता. एलडीएल १८२. भावोजी म्हणाले, तुमचं मशीन बिघडलंय. मी तेच रक्त पुन्हा लावलं. १८१.

माझा राग आहे तो 'हाय-फॅट' या अर्ध्यावर. भाकरी चारावरून दोन करा, मी टाळ्या वाजवीन; आपण ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून घेतो असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या पाहणीत निघालंय. त्याच पाहणीत नुसता भात सोडून गहू-ज्वारी धरल्याने धोका कमी दिसला नाही. काही कर्बोदकांच्या जागी डाळी, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिनं आली तिथे दिसला, नुसती चरबी आली तिथे नाही. (ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, हेही धरा.) तूप हे कुणाचंही औषध नाही, ते लोकांना आवडतं एवढंच.

अजून एक, हे आधीच सांगायला हवं होतं. गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर कीटो करूच नका, शुगर नॉर्मल दिसत असताना रक्तात आम्ल वाढून आयसीयूची वेळ येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनंही विचारून. आणि स्वयंपाक कोण करणार ते आधी ठरवा.

यंदा पाडव्याच्या पंगतीत भावोजी पाहुण्यांना सांगत होते की त्या पहाटे आपल्याला 'कीटो फ्लू' (आहार बदलल्यावर येणारी मरगळ) झाला होता, घरच्यांनी उगाच घाबरून साखर पाजली. भावोजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. फ्लूमध्ये मीटर ४८ दाखवत नाही. तो आकडा तारीख-वेळेसकट अजून मीटरमध्ये आहे, मी पुसलेला नाही.